खुराड्याच्या जागी बटाटे

वॅलेटा, माल्टा
३ जुलै १९२९

लाडक्या आईस,

मला घरी बसवलं नाही. मी कॅप्टन झालो आणि मला क्रूझर ही मोठी युद्धनौका मिळाली. माझ्या बरोबरीचे, पदकं मिळवलेले कितीतरी अधिकारी नौदलाच्या कपातीत घरी गेले आणि आता कोंबड्या पाळतात. तेव्हा ताईला सांग, माझ्या खुराड्यासाठी राखलेल्या जागेत खुशाल बटाटे लाव.

काल जुनी विनाशिका सोडली. रिवाजाप्रमाणे माझ्या अधिकाऱ्यांनीच वल्ही मारत मला किनाऱ्यावर नेलं. डेकवरून म्हातारा खलाशी पॅस्को ओरडला, “साहेब, ही पोरं वल्ही मारतायत की लापशी ढवळतायत?”

“पॅस्को, तुलाच इथे बसवीन,” माझा लेफ्टनंट धापा टाकत म्हणाला.

“बसवा की. मग कॅप्टनसाहेब आजच पोचतील.”

कानाचं विचारलंस. युद्धात तोफेने घालवलेला डावा कान तसाच बहिरा आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टर माझ्या उजव्या बाजूलाच उभे राहिले, देव त्यांचं भलं करो. तुझा खोकला कसा आहे? ताई खरं लिहीत नाही.

होडी दूर गेली तेव्हा सगळ्या खलाशांनी टोप्या उंचावून तीनदा जयघोष केला. आई, तो मला दोन्ही कानांनी ऐकू आला.

तुझा, अजून नौदलातलाच,
डेन्झिल