डाव्या दाढेची गोपनीय चौकशी

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. (वाकताना गुडघा वाजला, तो नमस्काराचाच भाग समजावा.) तुमची तब्येत कशी आहे, झोप लागते का, रक्तदाब आटोक्यात आहे का, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला अजून स्वतःच चढता की आता कुणाचं ऐकता, हे सगळं सवडीने कळवा. दातांबद्दल मात्र मी काहीही विचारत नाही. विसरले म्हणून नव्हे. उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावून पोट भरलेली बाई दात कशाला विसरेल? पण सध्या तुमच्या दातांची चौकशी करणं मला नियमाने मना आहे. का मना आहे ते तुम्हाला माहीत नाही, असं मी धरून चालते. तुम्हीही तसंच धरून चाला, म्हणजे आपण दोघी नियमात राहू.

सोमवारी आमच्या समितीची बैठक झाली. दंतवैद्यांच्या संघटनेने मला नीतिमत्ता समितीवर घेतलं आहे, हे तुमच्या बंधूंनी तुम्हाला सांगितलंच असेल (ते हल्ली तुम्हाला बरंच काही सांगतात, तो विषय पुढे येणार आहे). दवाखाना बंद केला तेव्हा मला वाटलं होतं, सुटले. पण दर वार्षिक सभेत मी उभी राहून कुणाच्या पाटीवर कुठली खोटी पदवी आहे ते वाचून दाखवायची. तेव्हा अध्यक्षांनी विचार केला असणार की या बाईला बाहेर ठेवण्यापेक्षा आत बसवून चहा पाजलेला बरा. मान म्हणून दिलेली खुर्ची आणि तोंड बंद ठेवण्यासाठी दिलेली खुर्ची दिसायला सारखीच असते. बसल्यावर कळतं.

समितीचं काम म्हणजे सदस्यांविरुद्ध आलेल्या तक्रारी ऐकणं. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगते. नवा पेशंट खुर्चीत बसला, त्याने आ केला, की आत बघणारा दंतवैद्य आधी एक सुस्कारा सोडतो आणि मग विचारतो, हे काम कुणी केलं? उत्तराची त्याला गरज नसते. मागच्या माणसाला अडाणी ठरवल्याशिवाय आपला हात चालत नाही, अशी आमची जातच आहे. शिंप्याकडे मापाला ब्लाउज न्या, तोही शिवण उलटी करून तोंड वाकडं करतोच. फरक एवढाच की शिंप्यांच्या संघटनेने याविरुद्ध नियम केलेला नाही, आमच्या संघटनेने केलेला आहे. सहव्यावसायिकाच्या कामाबद्दल पेशंटसमोर वाईट बोलायचं नाही. हा नियम सगळे पाठ म्हणतात आणि सगळे मोडतात. (मी कधीच मोडला नाही. मी नुसती भुवई वर करायची. भुवईबद्दल नियमात काही नाही.)

समितीत आम्ही तिघं. एक अध्यक्ष, ज्यांचा दवाखाना इतका चकचकीत आहे की आत पाऊल टाकताच माणसाला स्वतःच्या दातांची लाज वाटते आणि हे सांगतील ते तो करून घेतो. दुसरे तारवाले, म्हणजे मुलांच्या वाकड्या दातांना तारा लावणारे. वय झालं तरी भाबडे, ज्यांना अजून वाटतं की बैठक विषयपत्रिकेप्रमाणे चालते. तिसरी मी. आमच्यापुढे तक्रार येते ती नावं झाकून, म्हणजे आम्ही कुणाची बाजू घेऊ नये. आमच्या चिटणीसबाई हे काम काळ्या पेनने करतात आणि जरा जास्तच मनापासून करतात. सोमवारच्या कागदावर इतकं काळं फासलं होतं की मधूनमधून 'उपरोक्त', 'तथापि' आणि 'सबब' एवढेच शब्द श्वास घेत होते. एक वाक्य मात्र सुटलं होतं. 'सदस्य क' यांनी 'रुग्ण' यांच्या डाव्या दाढेवरची कॅप पाहून चारचौघांत असे उद्गार काढले, की हे काम कुणी केलं, आत मुंग्या बिऱ्हाड करतील एवढी फट आहे.

वन्सं, मी चहाचा कप खाली ठेवला. मी कुणाचंही नाव घेत नाही. एवढंच म्हणते की मागच्या महिन्यात एक वडीलधाऱ्या बाई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या, घास चावताना कळवळल्या, आणि माझ्या मुलीने, म्हणजे तुमच्या लाडक्या भाचीने, मोबाईलचा दिवा लावून त्यांच्या तोंडात पाहिलं आणि हेच वाक्य, मुंग्यांसकट, सगळ्यांसमोर उच्चारलं. त्या बाई अर्धं ताट टाकून उठल्या. त्यांचंही बरोबर आहे. ती कॅप बसवून घेतल्यापासून त्या दंतवैद्याचं कौतुक त्यांनी नात्यातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं, नाव तेवढं माझ्यापासून लपवून. (माझा दवाखाना बंद झाल्यावर घरातल्याच कुणाकडे जाण्याऐवजी परक्याकडे का गेल्या, हे मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही.) पोरीचं चुकलं, हे मी तेव्हाही म्हटलं. खरं बोलायचंच तर ते आतल्या खोलीत बोलावं. पण शिक्षा काय आहे ठाऊक आहे? दोषी ठरली तर वार्षिक सभेत सगळ्यांसमोर नाव वाचायचं आणि वर्षभर सदस्यत्व बंद. तिच्या दवाखान्याच्या पाटीचा रंग अजून सुकलेला नाही. ज्या पोरीचं नाव पहिल्याच वर्षी भर सभेत असं वाचलं जाईल तिच्यापुढे आ करायला कोण येणार?

पुढे ऐका. पुरावा म्हणून पूर्ण जबड्याचा एक्स-रे होता. चिटणीसबाईंनी त्यावरचं नाव झाकलं होतं, पण दात झाकायचे राहिले. आता, माणसाचा चेहरा मी विसरेन, जबडा विसरणार नाही. खाली उजवीकडे एक अक्कलदाढ हातपाय ताणून आडवी झोपलेली. ती काढू द्या म्हणून मी कुणाच्या तरी किती वर्षं विनवण्या केल्या आणि त्यांनी दर वेळी 'राहू दे ग, मला तिचा काही त्रास नाही' असं सांगून मला वाटेला लावलं, ते ज्याचं त्याला माहीत.

मी एक्स-रे पुढे सरकवला. तेवढ्यात माझं लक्ष अध्यक्षांकडे गेलं. एक्स-रेकडे एकदा पाहून त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला जबडा ओळखू आला होता, त्यांना कॅप ओळखू आली होती. आणि आमचे तारवाले, ज्यांना यातलं काहीच ओळखू आलं नव्हतं, त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, सुस्कारा सोडला आणि विचारलं, "पण हे काम केलंय कुणी? गवंडी होता का?"

ज्या वाक्यासाठी तक्रार, तेच वाक्य समितीच्या टेबलावर. मी लगेच म्हटलं, हे इतिवृत्तात लिहून घ्या. अध्यक्ष म्हणाले, त्याची गरज नाही. तारवाले म्हणाले, का, मी चूक बोललो का, ही फट बघा ना. अध्यक्ष म्हणाले, एक्स-रेमध्ये कधीकधी तसं दिसतं. तारवाले म्हणाले, मला तर कधी दिसलं नाही. मी त्या माणसाला आजवर फार कमी लेखत आले होते.

आता नियम असा आहे की प्रकरणातल्या कुणालाही आपण ओळखत असलो तर तसं सांगून खोलीबाहेर जायचं. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, खरं बोलायला क्षण पुरतो. त्या कधी कुठल्या समितीवर नव्हत्या. मी खरं बोलून बाहेर गेले असते तर आत पोरीचा न्याय करायला राहिले असते ते ज्यांच्या कॅपमध्ये मुंग्या राहणार होत्या तेच. म्हणून मी म्हटलं, आधी अध्यक्षांनी सांगावं, ते कुणाला ओळखतात का. अध्यक्ष म्हणाले, बायकांना आधी मान. मी म्हटलं, वयाला आधी मान. अशी आम्ही दोघं एकमेकांना दार दाखवत बसलो आणि तारवाले दोघांची बिस्किटं खात राहिले. शेवटी ठरलं की पुढच्या बैठकीत रुग्णाला प्रत्यक्ष बोलवायचं, तोंड उघडायला लावायचं आणि कॅप सगळ्यांनी बघायची. अध्यक्ष याला इतक्या चटकन हो म्हणाले की मला तिथेच वास आला.

आता तुमच्या बंधूंबद्दल. आख्ख्या ओळखीपाळखीत 'सबब' हा शब्द तोंडी वापरणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या समोर बसून पेपर वाचतो. कोर्टात नोकरी झाली म्हणून घरात 'सबब आज भात नको' असं कोण म्हणतं? तक्रार कुणी टाईप करून दिली, हे मी त्यांना विचारलेलं नाही. नुसती पाहते. गेले काही दिवस ते न सांगता कपबशी विसळतात, फोन आला की गॅलरीत जातात, आणि गुरुवारी फिरायला म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेले. नवरा कपबशी विसळायला लागला की घरात काहीतरी शिजतंय, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांना तुम्हीच वाढवलंत.

असो. पत्र फार लांबलं. तुमच्याशी प्रकरणाबद्दल बोलायला मला मनाई आहे, आणि मी बोललेही नाही. तब्येतीला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. — एक साधी विनंती. ती बाई कोण ते मला माहीत नाही, पण भेटलीच तर तिला सांगा की आमच्या नियमावलीत अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात, असंही लिहिलं आहे की पेशंटच्या भल्यासाठी सांगितलेलं खरं दोष ठरत नाही. म्हणजे ती दाढ ही पोरीची एकुलती एक साक्षीदार आहे. अध्यक्ष बाईंना फोन करतील, कॅप फुकट बदलून देतो म्हणतील, गाडीही पाठवतील. जायचं नाही. सुनावणी होईपर्यंत त्या दाढेला कुणाचाही हात लागता कामा नये. दुखली तर उजवीकडून चावावं. घरातल्या पोरीसाठी एवढं कुणीही करील.

ता. क. — वरचं काल लिहिलं. आज सकाळी पाकिटावर पत्ता घालताना तुमच्या बंधूंनी पाहिलं आणि पेपर खाली ठेवला. गुरुवारचा इस्त्रीचा शर्ट कशासाठी होता ते कळलं. तुम्ही दोघं भाचीच्या दवाखान्यात गेलात, तिने तुमची माफी मागितली, तुम्ही तिची मागितलीत, तिने ती कॅप काढून टाकली, नवीन बसवली, आणि तुम्ही तिच्याच फोनवरून अध्यक्षांना तक्रार मागे घेतल्याचं कळवलंत. त्यांनी तुमचे इतके आभार मानले म्हणे, की तुम्हालाही संशय आला. (म्हणजे या घरात संशय घेणारी मी एकटी नाही, याचं समाधान आहे.) हे सगळं झालं आणि मला कुणी चकार शब्द सांगितला नाही. पोरीला फोन करून विचारलं, तर म्हणाली, "आई, तक्रार चालू असताना समितीच्या माणसाशी बोलायचं नसतं, हे तूच शिकवलंस ना? मग नाही बोललो." माझ्याच साक्षीदाराची साक्ष माझ्याच मुलीने उपटून काढली, तीही नियमाने.

ता. क. — खरं काम राहिलंच. ती जुनी कॅप पोरीने एका डबीत ठेवली आहे. मी म्हटलं, मला दे. म्हणाली, ती पेशंटची वस्तू आहे, पेशंटच्या परवानगीशिवाय देता येत नाही. मी म्हटलं, मी तुझी आई आहे. म्हणाली, म्हणूनच. तेव्हा वन्सं, एवढी परवानगी द्या. तिचं मी काय करणार आहे ते विचारू नका. तक्रार मिटली, पोर सुटली, मला कुणाबद्दल काही म्हणायचं नाही. फक्त पुढच्या बैठकीला मला अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची मिळाली आहे आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही. परवानगी लेखी पाठवा. तोंडी मी हल्ली या घरात कुणाचंच ऐकत नाही.