कायमची जागा

धानोरा,
रविवार, ३१ डिसेंबर २०२३

धर्मेंद्र,

तू चेतनाचा धाकटा भाऊ, माझा शालक, म्हणून आधी आशीर्वाद. तो मनापासून आहे का, हे विचारू नकोस. इकडे सगळे ठीक. कापसाची शेवटची वेचणी उरकली, केळीला थंडीने झोडपलंय, आणि तुझी बहीण चार दिवस झाले माझ्याशी कामापुरतं बोलते. का, ते पुढे येईल.

फोन केला की "दाजी, मीटिंगमध्ये आहे" म्हणून कापतोस. कोणाशी मीटिंग असते रे, टर्फच्या प्लास्टिकच्या गवताशी? परवा मेसेज टाकलास, जे काय असेल ते लेखी द्या. घे लेखी. शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं, तेव्हा चुका काढत बसू नकोस, नीट वाच.

सोमवारी सकाळी तू सातगाव चषकाच्या ग्रुपवर तो कागद टाकलास. "तापी सुपर लीग. चार कायम सभासद गावे. सामने नंदुरबारच्या टर्फवर, लाइटखाली. या गावांनी सातगाव चषकात भाग घेऊ नये." म्हणजे चौदा वर्षं चाललेली सात गावांची फुटबॉलची स्पर्धा एका कागदात बसवलीस. मोहपाडा, खांडबारा आणि तिसरं ते पाण्याच्या टाकीजवळचं गाव, तिघांना बाहेर काढलंस, आणि खाली हात जोडलेलं चित्र. लाज नावाची चीज नंदुरबारच्या बाजारात मिळत नाही का आता?

तुला २०२१ चा एप्रिल आठवतो? लॉकडाऊन होतं. युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. हरा नाहीतर जिंका, जागा कायमची. त्यात आपला लालवाला क्लबही होता, ज्याच्यासाठी तू बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅच बघत बसला होतास. तुमच्या केळीच्या बागेत आपण दोघं एका फोनवर डोकं घालून बातमी वाचत होतो. तू उठून उभा राहिलास आणि झाडांनाच विचारलंस, "हाऊ खेय काय त्यासना बापना शे का?" दोन दिवस तू नीट जेवला नाहीस. बुधवारी सकाळी सहाला तुझा फोन आला, इंग्लंडचे सहाच्या सहा मागे फिरले म्हणून. तू रडत होतास रे. मग गेरू घेऊन धानोऱ्याला आलास आणि हिलालच्या चहाच्या टपरीमागच्या भिंतीवर वीतभर अक्षरांत लिहिलंस: "खेळ विकणे नाही." जमिनीच्या पाटीसारखं. लोक हसले. मी नाही हसलो. मला माझ्या शालकाचा अभिमान वाटला होता.

ती भिंत अजून तशीच आहे. परवाच्या एकवीस तारखेला त्याच भिंतीला टेकून तू चहा घेत होतास. युरोपच्या कोर्टाचा निकाल नुकताच आला होता. मी म्हटलं, आता हे सुपर लीगवाले पुन्हा डोकं वर काढतील. तर तू म्हणतोस, "दाजी, मोठ्यांनी मोठ्यांशी खेळावं, यात चूक काय? कोर्टानेच सांगितलं." मी म्हटलं, कोर्टाने एवढंच सांगितलं की वेगळं निघणाऱ्यांना अडवायचे नियम चुकीचे होते. वेगळं निघणं चांगलं, असं कुठे म्हटलंय? त्यावर तू टीव्हीचे पैसे, नवे प्रेक्षक, लहान क्लबांच्या मॅच कोण बघतो, असलं काहीबाही ऐकवलंस. हिलालचा कप धुता धुता हात थांबला. चौदा वर्षं आपल्या सामन्यांत शिट्टी त्याच्या तोंडात आहे, खेळाडू खोटं पडला की त्याला लांबून कळतं. तो म्हणाला, "भो, कोर्ट काय म्हनस ते ऱ्हाऊ दे. तुन्हा मनमा काय शे ते सांग." तू चहा अर्धा टाकून उठलास.

तुझ्या मनात काय होतं ते तीन दिवसांनी कळलं. आणि गंमत ऐक. त्या युरोपवाल्यांनीसुद्धा या वेळी नव्या कागदावरून कायमच्या जागा काढून टाकल्या. म्हणाले, चढा आणि उतरा, जो तो आपल्या खेळावर. लोकांच्या शिव्यांनी त्यांना एवढं तरी शिकवलं. त्यांनी थुंकून टाकलेलं तू उचललंस आणि तापीकाठी आणून लावलंस! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आपला नियम काय आहे? जो शेवटचा येईल, पुढची स्पर्धा त्याच्या गावी. मैदान त्याने करायचं, गर्दी त्याच्याकडे, मान त्याचा. हरलेल्या गावाला वर्षभर काम मिळतं, आणि घरच्या मैदानावर खेळून ते पुढच्या वेळी वर येतं. हा नियम तुझ्या वडिलांनी घातला, पहिल्या वर्षी भालखेडे शेवटचं आलं तेव्हा. तुमचं गाव! तुमच्या पोरांनी मैदानातून गाडीभर बाभळीचे काटे काढले आणि दुसऱ्या वर्षी कप नेला. हे विसरलास?

गेल्या वर्षी मोहपाडा शेवटचं, म्हणून या सव्वीस जानेवारीला स्पर्धा त्यांच्याकडे. तू म्हणतोस, डोंगरातल्या मैदानावर चेंडू वेडावाकडा उडतो, पाय मोडतात. मोडला का कोणाचा? तुझा घोटा मुरगळला होता तो लग्नाच्या वरातीत नाचताना.

तीन गावांच्या सह्या तुझ्याकडे होत्या. चौथीशिवाय लीग उभी राहत नव्हती. चौथी सही कशी मिळाली हे...

धर्मा, इथे पेन ठेवून मी गुरांना चारा टाकून आलो. आता लिहितो.

चौथी माझी. हे तुला ठाऊक, मला ठाऊक. चेतनाला बुधवारी कळलं, तुझ्याच बायकोकडून. ती चुलीपुढे होती. वळूनही न बघता तिने विचारलं, "तुम्हनी सही बी शे का तठे?" मी हो म्हटलं. "मंग आते मोहपाडाना दिवाल्याले कोनतं तोंड दखाडशात?" तेव्हापासून घरात ताट वाढल्याचा आवाज तेवढा येतो.

चोवीस तारखेला तू जेवायला बोलावलंस. कळण्याची भाकरी, भरीत, वर तूप. जेवण झाल्यावर कागद पुढे केलास. "दाजी, धानोरा कायम. कधीच बाहेर नाही. आणि तुमचं नाव बोर्डावर, संस्थापक." मी वाचल्यासारखं केलं आणि सही ठोकली. तू फसवलंस असं मी आजवर चेतनाला सांगत आलो. खोटं आहे ते. मला सगळं समजत होतं. चौदा वर्षांत धानोऱ्याने एकदाही कप उचलला नाही. गेल्या वर्षी आम्ही सातपैकी सहावे. एक गोल कमी पडला असता तर शेवटचे आलो असतो, आणि गावभर हिंडून माणसं गोळा करायची, दगड वेचायचे, हे अडतिसाव्या वर्षी माझ्या माथी आलं असतं. मला त्याची भीती वाटली. जागा पक्की होते म्हटल्यावर मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की घरी येताना मी गाडीवर गाणं म्हणत होतो. थू माझ्या जिनगानीवर.

म्हणून तुझ्यावरचा हा सगळा राग निम्मा माझ्यावरचा आहे. पण उरलेला निम्मा तुझाच, तो काही कमी करत नाही.

काल तळोद्याहून जीप पकडून मोहपाड्याला गेलो. मैदान बघितलंस का तू? बघ एकदा. दोन महिने अख्ख्या पाड्याने दगड वेचलेत. कडेने त्यांचा गुडघाभर बांध झालाय, त्यावर पोरं बसून सराव बघत होती. दिवाल्या, त्यांचा गोलकीपर, मैदानावर पाणी मारत होता. जमीन त्याच्या आईची. दिवलीबाईंनी यंदा त्या तुकड्यात हरभरा पेरला नाही, स्पर्धेसाठी रान मोकळं ठेवलं. हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल. सही करताना आपण विचारलं कुठे?

दिवाल्याकडे तुझा कागद फोनवर आला होताच. मला बघून त्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला नाही. म्हणाला, "मैदान वाईट आहे का हेमकांतभाऊ? सांगायचं होतं, अजून दगड काढले असते."

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी सांगितलं, दिवाल्या, चौथी सही माझी होती, मी ती मागे घेतोय. तो बराच वेळ एकाच जागी पाणी मारत राहिला, तिथे चिखल झाला.

दिवलीबाईंनी घरात बोलावलं. पडवीत सात माठ मांडलेले होते, नवे, तळोद्याच्या बाजारातून जीपच्या टपावर आणलेले. एकेका गावाला एकेक, खेळाडूंना पाणी प्यायला. दिवाल्याने प्रत्येकावर खडूने गावाचं नाव लिहिलंय. त्यांना वाचता येत नाही, पण कोणता कोणाचा ते पाठ आहे. एकेकावर हात ठेवून त्या मला गावं सांगत गेल्या. मग विचारलं, "सगळे येतील ना?" मी म्हटलं, बाई, धानोरा नक्की येईल, बाकी तिघांचं सांगता येत नाही, तीन माठ उचलून ठेवा. त्या म्हणाल्या, "राहू दे. जागा कुठे अडते?"

जागा कुठे अडते! आपण दोघं इतकी वर्षं युरोपच्या नावाने भांडलो धर्मा, पण असं एका वाक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

तर हे लेखी. मी, हेमकांत, धानोरा संघाचा कर्णधार, तापी सुपर लीगच्या कागदावरची माझी सही मागे घेतो. संस्थापक म्हणून बोर्डावर माझं नाव रंगवलं असशील तर खरवडून काढ. चौथं गाव गेलं, तेव्हा तुझी लीग उरली की नाही ते तू बघ. इंग्लंडच्या त्या सहा क्लबांना मागे फिरायला दोन दिवस लागले. मला सहा लागले. तुझा आज सातवा आहे.

चेतनाने हे पत्र वाचलं. पाकिटात घालायच्या आधी तिने तुला एवढंच कळवायला सांगितलंय की संक्रांतीला ती माहेरी येणार नाही. तिळगूळ हवा असेल तर सव्वीस जानेवारीला मोहपाड्याला ये, ती तिथे असेल. बूट घेऊन ये.

डावीकडून तिसरा माठ भालखेड्याचा आहे. दिवलीबाई रोज त्यातलं पाणी बदलतात, नवा माठ मुरला पाहिजे म्हणून.

तुझा दाजी,
हेमकांत
सातपैकी सहावा