गोपालच्या हाती बैलजोडी

केळापूर, पोळ्याचा दुसरा दिवस

सौ. वत्सला हिस, मनापासून आशीर्वाद.

तुझा दीर, माझा भाऊ गोपाल, खुशाल आहे. वेड्यांच्या दवाखान्यातून गावी आणल्यापासून गोपाल गोळ्या घरीच घेतो. गावची आशा सेविका सलोनी येऊन त्याच्याशी बोलत बसते. झोप अजून कमीच आहे, पण होईल हळूहळू.

काल पोळ्याले शेजारच्या कमलाकरनं आपली बैलजोडी गोपालच्याच हाती दिली. डफडी वाजली अन् तो बिथरेल म्हणून मी त्याच्या मागंमागंच चाललो. गोपालनं मात्र दारोदार बैल नेले. ‘याले परत भरती करा’ म्हणणाऱ्या पारबतामायनं बैलांचे पाय धुतले, गोपालच्या हाती बोजाऱ्याचे पैसे ठेवले अन् डाफरली, “एवढा उशीर काहून केला रे? पुढच्या साली पहिले माह्या दारी यायचं.”

गुडघ्याले तेल लावतेस ना?

तुझाच,
नानाजी