माहेरची एक

आई, उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. पोटातली गाठ काढतील, मग ती कसली आहे ते कळेल. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी मान डोलावली आणि तेव्हापासून नुसती घाबरतेय.

राहून राहून आरे कॉलनीतला रस्ता आठवतो. मी पाचवीत असेन. बाबा तबेल्यात रात्रपाळीला आणि तुला उजाडायच्या आत दुधाचं केंद्र उघडायचं. मला घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून तू बरोबर नेतेस, असं मी समजत होते. खांबांवरचे निम्मे दिवे गेलेले, दोन्हीकडे झाडी. त्या आठवड्यात बिबट्यानं शेजाऱ्यांचा कुत्रा उचलला होता. मी म्हटलं, आज नको ना जाऊया. तू फटकारलंस, केंद्र बंद राहिलं तर नोकरी जाईल, मग खाणार काय? माझा हात धरून चालायला लागलीस. तुझा तळवा घामानं ओला आहे. कुणा बाईचं नाव घेऊन तू पुटपुटतेस, "चल गो, इलोच खांब." तो आला की पुढचा. मी विचारते, ही कोण?

"माहेरची आसा एक. भित्री आसा. तिका पुढे घालून न्हेतंय."

केंद्रावर पोचल्यावर तू हात पदरात गुंडाळून घ्यायचीस. बाटल्या गार असतात म्हणून, असं तू सांगायचीस. खूप वर्षांनी मामाच्या तोंडी ते नाव ऐकलं, तेव्हा कळलं की ते तुझंच माहेरचं नाव, लग्नात सासरच्यांनी बदललेलं. तुला रोज उठवून चालवणारीही भीतीच होती, आई. बिबट्याची लहान, नोकरी जाण्याची मोठी. आणि मला नेत होतीस ते बहुतेक माझ्यादेखत मागे फिरता येऊ नये म्हणून.

माझ्या लग्नात मी नाव बदलू दिलं नाही. तुला केवढा आनंद झाला होता. पण आज संध्याकाळी भरती व्हायला आले आणि हॉस्पिटलच्या पायऱ्यांशी पाय अडले. नवरा पिशवी घेऊन पुढे गेलेला. मी स्वतःला माझ्या नावानं हाक मारून पाहिली. पाऊल उचलेना. पुढे घालायला माझ्याकडे दुसरी कुणी नाहीच.

मग तुझं जुनं नाव घेतलं. चल गो, म्हटलं. ती चढली, तिच्या मागून मी.

तू तर आता नाहीस, हे पाठवायचं कुठे? कागद उशीखाली ठेवतेय. भीती तसूभरही कमी झालेली नाही. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, पण उद्या आत नेतील तेव्हा मी तुलाच पुढे घालणार आहे.