गोठ्याकडची भिंत

ता. १७ नोव्हेंबर १९६४, मंगळवार
आजबी हौदाचं झाकण उघडंच. पंधरा दिस होत आले, यमुनानं एक हंडा ओतला न्हाई का वरचं फडकं धुतलं न्हाई. धाकटी जाऊ माझी. चुली वायल्या झाल्या तरी परसातला हौद दोन्ही घरांचा हाय. एका अवसेला मी उपसून घासायचा, पुढच्या अवसेला तिनं. दिवाळीची अवस तिची. केला म्हणाली.
आता तिला नवस हाय. कार्तिक सरंस्तवर देवळामागच्या झऱ्याचंच पाणी. नवरा, पोरं, समदी तेच पितात. "बाई, नवस घरादाराचा हाय." मग हौद भरायचा मी एकलीनं? पण देवाचं हाय म्हणून गप बसले. वर तिच्या हंड्याला हात जोडले.
लेक सुमन सासरहून, नेऱ्याहून येऊन आठ दिस झाले. आठवा लागलाय. पहिलंच बाळंतपण. पाणी लई पिते.

ता. १९, गुरवार
सुमनला पहाटेपास्नं जुलाब. चार येळा. शिळा भात बाधला आसंल. सुंठ दिली.
यमुना दारात आली. "बाई, झऱ्याचं तांब्याभर देऊ का पोरीला?" मी म्हणले, नको गं, तुझ्या नवसाचं पाणी, आमच्यापायी कशाला मोडतीस. मग ती गेली.

ता. २१, शनवार
सुमनला ताप. व्हट सुकले. "आये, सकाळपास्नं बाळ हललं न्हाई." ह्यांना मळणीवरनं बोलावलं, गाडी जुंपून पौडला. डाक्तरांनी पोटाला नळी लावली. ठोके हायेत.
मग मलाच इचारलं, "पाणी कुठलं पिता?" हौदाचं. "उकळता का?" मी तडकले. म्हणले आमचा हौद चांगला हाय, काथ्यानं घासतो, तुरटी फिरवतो, वर जाड झाकण हाय. ते म्हणाले, "ते खरं. तरी उकळा. आणि हौद रिकामा करून भिंती बघा."
येताना मी हौदाचं काढलं तर हे बैलांना हाकत राहिले. काळजीनं आसंल.

ता. २२, रविवार
उपसला. एकलीनं. झाकण सारून दोन घटका वारं जाऊ दिलं, मग शिडी लावून उतरले. तळ, कोपरे, पाणी सोडायचं बूच, समदं चाचपलं. तिन्ही भिंती चांगल्या.
गोठ्याकडची भिंत. ढोपराच्या उंचीला हातभर चीर. चुना न्हाई, शिमिट न्हाई, नुसती शेणमाती थापलेली. बोटं उठलेली दिसतात. नख लावलं तर लपका गळून हातात आला. मागनं काळं पाणी. हुंगलं. गुरांचं मूत.
भिंतीपल्याड भाऊजींनी, यमुनाच्या नवऱ्यानं, दिवाळीआधी गोठ्याचा शेणमुताचा खड्डा नवा काढलाय. भिंतीला लागूनच.
म्हंजे अवसेला उपसला तवाच हिला दिसलं. थापलं. वर पाणी भरलं. आन् दुसऱ्या दिसापास्नं नवस.
मी हात जोडले हिला.

ता. २३, सोमवार
यमुनाच्या अंगणात जाऊन त्यो लपका तिच्या पुढ्यात टाकला.
"बाई, मी तांब्या देत हुते की."
"तांब्या देत हुतीस. खरं का न्हाई दिलंस?"
रडाय लागली. "ह्यांनी बोलू नको म्हणून सांगितलं. मळणी झाली की खड्डा हलवनार हुते. आन् चोरून न्हाई बाई. तुमच्या घरात ठावं हाय."
माझ्या घरात.
खळ्यावर गेले. हे भाऊजींचे बैल फिरवत हुते. तितंच इचारलं. म्हणाले, "तू बोंब मारली असतीस. ऐन मळणीत दोन घरं भांडली तर बैल कोण देनार? आठ-पंधरा दिसांत काय हुतंय असं वाटलं."
"तुमी कुठलं पाणी पीत हुता?"
"हितलं. मळ्यातल्या हिरीचं."
"आन् सुमन आली तवा? तुमच्या म्होरं बसून तांब्या तोंडाला लावत हुती, तवा?"
बैल हाकला त्यांनी.
तेवीस वर्सं ह्या माणसाचं ताट वाढते.

ता. २४, मंगळवार
हिरीचं पाणी आणून उकळते, गाळते, गार करून देते. जुलाब थांबले. ताप हाय. सुमन म्हणते दुपारी एकदा हललं. मी हात ठेवला, मला काय कळलं न्हाई.
भाऊजींनी खड्ड्यावर माती लोटली. त्यानं आत मुरलेलं थोडंच निघतंय. हौद कोरडाच ठेवलाय. खड्डा दूर जाऊन चीर खरडून शिमिट बसंस्तवर त्यात थेंब ओतू देणार न्हाई, दोन्ही घरांनी हंडे वाहावेत.
हे संध्याकाळी चुलीपाशी येऊन म्हणाले, जावयाला शिळ्या भाताचंच सांग. घरातली गोष्ट घरात.
मी म्हणले, गुरवारी दुपारी त्यो येतोय. बायकोला बघून इचारनारच, ही अशी कशानं झाली. त्याला तुमी सांगनार का मी सांगू? गुरवारी सकाळी, तुमी खळ्यावर जायच्या आदी, मला तोंडानं उत्तर पायजे. मान हलवलेली चालनार न्हाई.