कापड वाजत नाही

केडगाव, ६ फेब्रुवारी १९९८

ज्योतिबानं फसवलं! तीस वर्षांपासूनचा सुतार माझा, आणि चौकट ओल्या लाकडाची दिली. मांजरपाटाचं कापड मधल्यापासून कडेकडे ताणत खिळे मारले, सरस लावला, दिवसभर वाळवलं. टिचकी मारली — काही नाही. माझं कापड डफासारखं वाजल्याशिवाय मी वर रंग लावत नाही. दुकानांच्या पाट्या रंगवत तसबिरींपर्यंत आलो तो या कानाच्या जोरावर.

७ फेब्रुवारी

सगळे खिळे उपटून पुन्हा ताणलं. मुकं ते मुकंच. पंधरा तारखेला सोसायटीचे जुने चेअरमन हौसराव आप्पांची पंचाहत्तरी, सोसायटीच्या हॉलात त्यांची तसबीर लागायची. सैल कापडावर काढू आप्पांना? वर्षात गाल ओघळतील!

८ फेब्रुवारी

चौकट जीपच्या टपावर टाकून ज्योतिबाचं भांडगाव गाठलं. ज्योतिबानं टिचकी मारली आणि हसला. "वाजतंय की बाबूभाई! बेस वाजतंय. तुमचं ध्यान कुठं हाय?"

तोंडावर खोटं!

म्हटलं, "लाकूड कळेना झालं तुला. रंधा मोडीत घाल आता." चारचौघांत म्हटलं. त्यानं मान खाली घातली, काहीतरी पुटपुटला. मोठ्यानं बोलायची छाती नाही!

१० फेब्रुवारी

हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. आप्पांचा पोरगा रविराज दुकानात येऊन सोबत्याशी कुजबुजत होता. माझ्याबद्दलच, दुसरं काय? घरात बायको अकिलाही तसलीच. काय म्हणालीस विचारलं तर खेकसते — "तीन बार बोली ना मैं!" कधी बोलली?

१२ फेब्रुवारी

पक्कड लावून ताणलं. अजून ताणलं. चौकट पिळवटली, कोपऱ्यातून कापड फाटलं. हाताला ढिलं लागलं तेव्हा फाटल्याचं कळलं.

रविराज दारातच उभा. "राहू द्या बाबुलालभाई, पुण्यातनं फोटू मोठा करून आनतो." हे मात्र ओरडून सांगितलं, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं!

आप्पांची पहिली तसबीरही मीच काढली होती. चौकट ज्योतिबाचीच.

१३ फेब्रुवारी

माळ्यावर ज्योतिबाची एक जुनी चौकट होती. तिच्यावर ताणलं. सरस वाळल्यावर मागून तळहात टेकवला आणि पुढून टिचकी मारली. कापड थरथरलं. चांगलं, हाताच्या कोपरापर्यंत जाणवलं. आवाज नाही.

पुन्हा मारली. थरथरलं.

अकिला चुलीपाशी होती. तिनं वळून बघितलं. तिला ऐकू गेलं.

भांडगावला निघालोय. ज्योतिबा शिव्या घालील. मला ऐकू येतील एवढ्या मोठ्यानं घालू दे.