सरांच्या पाकिटावरची सही

चौथीत मला शाळेतून काढलंत ते बाप म्हणून तुमचं चुकलंच. इतकी वर्षं बोलले नाही, आज बोलते. इंग्रजीचं एखादं पुस्तक हाती दिलं असतंत तर परवा माझ्या हातून जे झालं ते झालं नसतं. असो. नाना, तुम्ही असाल तिथे बरे असा.

दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला फ्लॅटमध्ये आलो. सातवा मजला. लिफ्ट आहे, वीज नाही. तुमची पणती इथून रोज बस बदलत दिल्लीला जाते. एमएस्सी झाली, आता अमेरिकेत पीएचडी करायची म्हणते. कशात, तर मातीतल्या किड्यांत. मी म्हटलं, "त्याला एवढ्या लांब कशाला? आपल्या तांदळात काय कमी आहेत?" तर म्हणे, "आजी, यार, तू ना!" पण पोरगी वर्षभर राबली आहे. परीक्षा दिल्या, फॉर्म भरले, आणि शेवटी तीन मास्तरांकडून शिफारशीची पत्रं आणली. त्यातल्या मोठ्या सरांच्या घरी पाच खेपा घातल्या, तेव्हा कुठे त्यांनी लिहून दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते ऑस्ट्रेलियाला लेकाकडे निघून गेले.

परवा दुपारी ती तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवून ती फॉर्मच्या झेरॉक्स काढायला खाली गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आजी, यांच्यावर चहाचा कप ठेवू नकोस." मी बघते तर पांढरी फटक पाकिटं. कुठे हळद नाही, कुंकू नाही. तुम्हाला आठवतं का, अख्ख्या गावाची पत्रं तुम्ही ओसरीवर बसून वाचायचात? हळदीकुंकवाचं बोट लागलेलं पत्र आलं की आधी गूळ मागायचात, आणि कोरं, म्हणजे कुणी गेल्याचं, आलं की सगळ्या बायांना गप्प करायचात. मी एकदा शेजारणीचं पत्र उघडलं होतं, तर कानाखाली वाजवलीत. म्हणालात, "दुसऱ्याचं पत्र वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं." ते मी विसरलेले नाही. मी वाचायला उघडलंच नाही हो. वाचणार तरी काय, माझं कपाळ?

भात शिजत होता. मोठ्या सरांचं पाकीट वाफेवर धरलं, अलगद सुटलं. आतल्या कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, देवापुढे ठेवलं, मनात म्हटलं, पोरीचं भलं होऊ दे. मग शितं चुरडून पाकीट नीट चिकटवलं. जोडावर सरांची शाईची सही होती, ती वाफेने पसरली आणि तिचे दोन तुकडे एकमेकांना मिळेनात. मला वाटलं, सहीचं काय एवढं, नाव तर आतही आहे. पोरगी धावत आली, तिन्ही पाकिटं मोठ्या लिफाफ्यात सरकवली आणि कुरियरवाल्याकडे पळाली. बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी पोळ्या लाटताना ती आईला सांगते आहे, मी कणीक मळते आहे. "मम्मी, सर पाकिटाच्या जोडावर सही करतात ना, ती कुणी मधे उघडू नये म्हणून. उघडलेलं दिसलं की तिकडचे लोक ते पत्र धरतच नाहीत. मग अर्ज बिल्कुल बाद." सून म्हणाली, "अच्छा? बरं झालं, आपण हात नाही लावला." मी कणीक मळतच राहिले. पोरगी हसून म्हणाली, "आजी, किती मळशील? पोळ्या करायच्यात, रस्ता नाही बनवायचा." मी म्हटलं, "तू तुझं लाटणं बघ."

कुरियर गेलं. सर समुद्रापार. मुदत या आठवड्यात संपते. आज सांगितलं तर पोर रडण्यापलीकडे काय करणार? आणि नाही सांगितलं तर रोज खाली उतरून टपालाची पेटी उघडणार. उत्तराला अजून अवकाश आहे, तरी काल दोनदा उतरली, वीज नसताना, सात मजले. मी तिला पाणी दिलं. तेवढंच जमलं.

हे पत्र मी कुठे पाठवणार, म्हणून घडी करून ठेवते आहे. खरं सांगायचं तर तिला सांगायला तोंड उघडलं होतं, आणि "भाजीत मीठ कमी आहे" एवढंच बोलले. पण तिकडून नकार आला आणि ती विचारू लागली, असं का झालं, तर उत्तर मीच देणार. मुलाने नाही, सुनेने नाही. आणि नाना, तुम्हीही वरून माझी बाजू घ्यायची नाही.